‘ब्लेस युअर हार्ट’ ऐकल्यावर काय करायचं? अमेरिकेच्या दक्षिणेत नव्याने येणाऱ्यांसाठी

ॲटलांटा, शार्लट, रॅली, नॅशव्हिल, डॅलस, ह्यूस्टन, नाहीतर वॉलमार्टच्या कृपेने बेंटनव्हिल. नोकरी जिथे लागेल तिथे मराठी माणूस बॅगा घेऊन पोहोचतो. पण न्यू जर्सीतल्या मित्राचे सल्ले गाठीशी बांधून जो दक्षिणेत उतरतो, त्याची वेगळीच पंचाईत होते. तिकडे माणसं तोंडावर बोलतात, पटलं नाही तर तसं सांगतात. इथे सगळेच गोड बोलतात. दुकानातली बाई ‘हनी’ म्हणते, अनोळखी माणूस दार धरून उभा राहतो, बॉस प्रत्येक ईमेलच्या शेवटी आभार मानतो. सुरुवातीचे काही महिने ‘लोक किती छान आहेत!’ असं घरी फोनवर सांगण्यात जातात.

लोक छान आहेतच. मी जॉर्जियात राहते आणि हे मत अजून बदललेलं नाही. पण इथलं वाक्य शब्दांनी एक सांगतं आणि प्रत्यक्षात काम दुसरंच करतं. पुस्तकी इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी हे आपोआप कळत नाही. याचे चटके ऑफिसात बसतात, मुलांच्या शाळेत बसतात, आणि एका ठिकाणी तर प्रकरण कायद्यापर्यंत जाऊ शकतं. इथेच जन्मलेल्या-वाढलेल्या सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना खोदून खोदून विचारल्यावर जे हाती लागलं, ते खाली क्रमाने मांडते.

आधी एक किल्ली देऊन ठेवते, पुढे ती सगळीकडे लागेल: वाक्य किती गोड आहे हे मोजू नका, त्याच्या मागोमाग काय येतं ते बघा. वार, वेळ, पत्ता, फोन नंबर, हातात दिलेली वस्तू असं काही ठोस आलं, तर बोलणं खरं. काहीच आलं नाही, तर ती रीत होती.

जवळ काय असू द्यावं

- एक भरवशाचा स्थानिक माणूस. ‘अमुक असं म्हणाला, म्हणजे काय?’ हे न लाजता विचारता येईल असा. शक्यतो आपल्या टीमबाहेरचा.
- फोनमध्ये एक नोंद. वाक्य, कोण म्हणालं, आणि नंतर काय घडलं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अर्थ तिथेच सापडतो.
- ऑफिसातल्या तोंडी बोलण्यानंतर पाठवायचा दोन ओळींचा ईमेल. कसा लिहायचा ते पाचव्या पायरीत आहे.
- गाडीत चालक परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा, चटकन हाताला येतील असे. हे या यादीत का, ते सातव्या पायरीत कळेल.

१. आपण नेमके कुठे आलो आहोत ते ओळखा

‘दक्षिण’ म्हणजे एकच एक प्रदेश नाही. ॲटलांटा शहरात, विशेषतः २८५ क्रमांकाच्या रिंगरोडच्या आत, तुमच्या टीममधले निम्मे लोक ओहायो, कॅलिफोर्निया किंवा हैदराबादहून आलेले असू शकतात. त्यांच्या बोलण्याला खालचे नियम लावत बसाल तर विनाकारण संशयी व्हाल. तासभर गाडी हाकून बाहेरच्या गावात गेलात की भाषा बदलते. फ्लोरिडाबद्दल तर इथे म्हणतातच की जितकं उत्तरेला जाल तितकी दक्षिण लागते. मायामीला हे काही लागू नाही.

बोलीतले हे फरक खरोखर नोंदवून ठेवलेले आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६५ ते १९७० या काळात देशभरातल्या १,००२ गावा-शहरांत माणसं पाठवली, स्थानिक लोकांना लांबलचक प्रश्नावली विचारली आणि त्यातून प्रादेशिक इंग्रजीचा पाच खंडांचा शब्दकोश उभा राहिला. सांगायचा मुद्दा इतकाच की ‘इंग्रजी ती इंग्रजीच’ हे गृहीत धरून चालू नका.

एक सापळा इथेच सांगून टाकते, कारण तो बरोबर उलटा आहे. पूर्व टेनेसी, पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या ॲपलेशिया डोंगरपट्ट्यात जुन्या वळणाची माणसं ‘आय डोन्ट केअर टू’ म्हणतात. गाडीचं चाक बदलायला मदत कराल का, असं विचारलंत आणि हे उत्तर आलं, तर आपल्याला वाटतं साफ नकार मिळाला. तिथे त्याचा अर्थ आहे ‘माझी काही हरकत नाही, करतो की’. तुम्ही तोंड पाडून निघालात तर तो बिचारा पाना हातात घेऊन उभाच राहील. गोड वाक्यामागे नकार असतो हे शिकताना, रुक्ष वाक्यामागे होकार असू शकतो हेही लक्षात असू द्या.

२. ‘सर’, ‘मॅम’ आणि ‘मिस अमुक’

ही पायरी सोपी आहे. ‘येस, मॅम’ म्हणणारा तुमची थट्टा करत नाही आणि तुम्हाला म्हातारीही ठरवत नाही. मुलांना घरी हे वळण लावलेलं असतं. लुईझियानाने तर १९९९ मध्ये शाळकरी मुलांनी शिक्षकांना ‘सर’, ‘मॅम’ म्हणावं असा कायदाच केला. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. ओळखीच्या मोठ्या बाईला पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावतात, मग ती विवाहित असली तरी. मुलाच्या बालवाडीत तुम्ही ‘मिस स्नेहल’ झालात तर आडनाव विसरले म्हणून दुरुस्ती करू नका. अरे-तुरे न करताही जवळीक दाखवायची ही त्यांची पद्धत आहे, आपल्या ‘ताई’च्या जवळपास जाणारी.

सापळा एवढाच: काही ऐकू आलं नाही तर नुसतं ‘व्हॉट?’ म्हणू नका. इथल्या कानांना ते उद्धट लागतं. ‘मॅम?’ किंवा ‘सर?’ असं प्रश्नार्थक म्हटलं की झालं. आणि ‘हनी’, ‘शुगर’, ‘डार्लिन’ हे शब्द हॉटेलातल्या वाढणाऱ्या बाईच्या तोंडी शोभतात. तुम्ही ते ऑफिसात कुणालाही म्हणू नका.

३. ‘ब्लेस युअर हार्ट’

हे वाक्य आता इतकं गाजलंय की टी-शर्टवर छापून विकतात. त्यामुळे नवे लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि दर वेळी आपल्याला शिवीच दिली असं धरून बसतात. तसं नाही. शब्दशः तो आशीर्वाद आहे: देव तुमच्या जिवाला सुखी ठेवो. प्रत्यक्षात ऐकताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, ते कुणाबद्दल आहे. तुमच्या तोंडावर, तुमच्या दुःखाबद्दल असेल तर बहुधा खरं असतं. आई आजारी आहे आणि तिकीट मिळत नाही असं सांगितल्यावर समोरच्या बाईने हातावर हात ठेवून ‘ओह, ब्लेस युअर हार्ट’ म्हटलं, तर ती माया आहे. त्यात दुसरं काही शोधू नका.

दुसरी, त्याआधी तुम्ही काय म्हणालात किंवा केलंत. दुःख नसताना, तुम्ही काही मत ठोकलंत, काही चुकीचं केलंत किंवा बढाई मारलीत आणि मग हे वाक्य आलं, तर अर्थ ‘किती भाबडा आहेस रे’पासून ‘अक्कल नाही, पण तुझा काय दोष’पर्यंत कुठेही जाऊ शकतो. ‘मी बर्फात चालवलीय गाडी, मला वादळाचं काय सांगता’ असं म्हणाल तर हे ऐकायला मिळेल, आणि ते आशीर्वाद म्हणून मिळणार नाही. सुरुवातीला लांबवलेलं ‘वेऽऽल’ लागलं की समजा.

तिसरी, ते तिथे नसलेल्या माणसाबद्दल असेल तर तो निंदेचा परवाना आहे. ‘ब्लेस हर हार्ट, तिला एक्सेलमधलं काही कळत नाही.’ आधी आशीर्वाद दिला की पुढे काहीही बोलायला मोकळीक. याच कुळातलं ‘ही मीन्स वेल’. कुणाचा हेतू चांगला आहे असं आवर्जून सांगावं लागलं, म्हणजे कामाबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नव्हतं. अशा वेळी तुम्ही मान डोलावलीत तर तुम्हीही निंदेत सामील. ‘मी तिच्याबरोबर फारसं काम केलं नाही’ म्हणा आणि विषय बदला.

उत्तर काय द्यायचं? ‘थँक यू.’ बस्स. माया असेल तर ते योग्य उत्तर आहे, आणि टोमणा असेल तर त्याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. स्वतः मात्र हे वाक्य वापरू नका. आपल्या उच्चारात ते एक तर नक्कल वाटतं, नाहीतर नको तेवढं टोचतं.

उलट, काही शब्द ऐकायला वाईट पण अर्थाने बरे. ‘यू आर अ मेस’ असं हसत म्हटलं तर तुम्ही गमतीदार आहात, तुम्ही त्यांना आवडता. ‘डोन्ट बी अगली’ हे रूपाबद्दल नाही; वाईट वागू नकोस, एवढंच. मुलीला शाळेत कुणी असं म्हटलं म्हणून मुख्याध्यापकांना रागाचा ईमेल लिहिण्याआधी हे आठवा. आणि ‘टॅकी’ हा शब्द हलका वाटतो, पण इथल्या मोजपट्टीत तो चांगलाच जड आहे. कुणाच्या वागण्याला ‘टॅकी’ म्हटलं म्हणजे त्याच्या संस्कारांवरच बोट ठेवलं.

४. आमंत्रण आणि निरोप

‘यॉल कम सी अस!’, म्हणजे ‘तुम्ही सगळे या आमच्याकडे’, हे निघताना म्हणतात. तो निरोप आहे. जुन्या लोकांत याहून पुढची पायरी होती: पाहुणे निघताना यजमानांनाच म्हणत, ‘चला आमच्याबरोबर घरी’, आणि यजमान म्हणत, ‘नको, तुम्हीच राहा की’. दोघांपैकी कुणीही जागचं हलत नसे. खेड्यापाड्यांत अजून हे कानावर पडतं. याला उत्तर तसंच द्यायचं, ‘तुम्हीही या’. डायरी काढून ‘शनिवारी येऊ?’ विचारायचं नाही.

खरं आमंत्रण कसं ओळखायचं? किल्ली आठवा. ‘रविवारी पाच वाजता या, मुलांना पोहायचे कपडे आणा’ हे आमंत्रण. मग जरूर जा, आणि ‘काय आणू?’ विचारा. ‘काही नको’ म्हटलं तरी रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या ‘या एकदा जेवायला’चा अर्थ आपल्याला बरोबर कळतो ना? मग हेही कळेल. फरक इतकाच की आपल्या भाषेत कान आपोआप काम करतात, इथे सुरुवातीला त्यांना मुद्दाम कामाला लावावं लागतं.

फोनवरचं एक वाक्य पाठच करा: ‘वेल, आय विल लेट यू गो.’ शब्दांवरून वाटतं की समोरच्याला आपल्या वेळेची काळजी. खरा अर्थ: मला आता फोन ठेवायचाय. त्यावर ‘नाही नाही, मला वेळ आहे’ हे उत्तर देणारे आपले बरेच लोक आहेत, आणि मग समोरचा माणूस आणखी पंधरा मिनिटं अडकतो. ‘डोन्ट लेट मी कीप यू’ हेही त्यातलंच. दारात उभं राहून कुणी असं म्हणालं तर तुम्ही निघायचं.

नकाराची पण इथे वेगळी भाषा आहे. एखाद्या ओळखीच्याला तुमच्या संस्थेसाठी वर्गणी मागितलीत, घर विकत घेता का विचारलंत, किंवा तुमच्या कंपनीत येता का म्हणालात आणि तो म्हणाला, ‘लेट मी प्रे अबाउट इट’, तर दोन शक्यता. काही लोक खरंच प्रार्थना करतात. हा भाग चर्चला जाणाऱ्यांचा आहे, त्यांच्या श्रद्धेला सवंग समजू नका. पण आठवडाभरात त्यांच्याकडून काही आलं नाही, तर उत्तर नाही असं आहे. ‘आय विल थिंक ऑन इट’चंही तेच. पुन्हा विचारून त्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणायला लावणं हा इथे खरा उद्धटपणा. एकदा विचारा, दार उघडं ठेवा, सोडून द्या. ‘आय माइट कुड’ हे दोन सहाय्यक क्रियापदांचं वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात चूक ठरेल, पण बोलीत ते बरोबर आहे आणि त्याचा अर्थ ‘कदाचित जमेल, पण माझ्या भरवशावर राहू नका’. राहू नका.

५. ऑफिस

नुकसान इथे सर्वांत जास्त होतं, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे साहेब ‘हे असं करा’ म्हणतो. इथला साहेब सुचवतो, आणि ती सूचना मनावर घ्यायची की नाही हे तुमच्यावर आहे असं तुम्हाला वाटतं. तसं ते नसतं.

‘यू माइट वॉन्ट टु टेक अनदर लुक ॲट दॅट.’ म्हणजे यात चूक आहे, दुरुस्त करा. ‘बघितलं, ठीक वाटतंय’ असं उत्तर पाठवू नका.

‘व्हेन यू गेट अ चान्स.’ सवडीने नाही. साहेबाकडून आलं असेल तर आजच. शंका असेल तर ‘चारपर्यंत पाठवले तर चालेल का?’ असं विचारा. वेळ तुम्ही मांडलीत की खरी मुदत बाहेर येते.

‘आयम शुअर यू हॅव ऑलरेडी थॉट ऑफ धिस, बट…’ तुम्ही तो विचार केलेला नाही हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला चारचौघांत उघडं न पाडता ते सांगतायत. खोटं खोटं ‘हो, केला होता’ म्हणू नका. ‘चांगला मुद्दा, घालते त्यात’ म्हणा.

‘आय वुडन्ट वरी अबाउट दॅट.’ हे धीर देणारं वाक्य असू शकतं. पण तुम्ही एखादी कल्पना मांडल्यावर आलं, तर अर्थ ‘त्याच्या मागे लागू नका’. कल्पना संपली.

‘डू व्हॉटएव्हर यू थिंक इज बेस्ट.’ हे सर्वांत घातक. शब्दांत पूर्ण मोकळीक. बऱ्याचदा त्याचा अर्थ असा: मला पटलेलं नाही, माझं मत मी आधी सांगून झालंय, आता करायचं तर तुमच्या जबाबदारीवर. हे ऐकलं की एक पाऊल मागे येऊन विचारा, ‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ या प्रश्नाला इथले लोक मनमोकळं उत्तर देतात, कारण तुम्ही त्यांचा सल्ला मागितलात आणि त्यांना विरोधही करावा लागला नाही.

‘दॅट्स इंटरेस्टिंग’ म्हणून विषय बदलला तर तो रस नाही. खरा रस असला की पुढचा प्रश्न येतो.

आणि कधी ‘दॅट डॉग वोन्ट हंट’ ऐकलंत तर खुश व्हा. हा कुत्रा काही शिकार करणार नाही, म्हणजे ही योजना चालणार नाही. इतकं स्पष्ट मत तुमच्यासमोर मांडलं म्हणजे तुम्हाला आपल्यातलं मानायला लागले.

वार्षिक मूल्यमापनात हीच भाषा कागदावर येते, आणि तिथे ती जास्त फसवते. आधी चार ओळी कौतुक, मध्ये ‘वाढीला वाव’ म्हणून एक वाक्य, शेवटी पुन्हा कौतुक. मधलं वाक्य हाच मजकूर. आपले लोक पहिल्या चार ओळी घरी वाचून दाखवतात आणि बढती दुसऱ्याला मिळाली की हादरतात. बैठकीत थेट विचारा: ‘पुढच्या वर्षी वरच्या पदासाठी माझा विचार व्हावा, तर मी कोणत्या दोन गोष्टी बदलायला हव्यात?’ दोन, असा आकडा द्या. ‘काही बदलायला हवं का?’ असं विचारलंत तर उत्तर येईल, ‘यू आर डूइंग जस्ट फाइन’.

त्यानंतर ईमेल. ‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. मला समजलं ते असं: अहवालातली तिसरी आकडेवारी मी गुरुवारपर्यंत दुरुस्त करते आणि नवीन पद्धत सध्या थांबवते. काही राहिलं असेल तर कळवा.’ तोंडी जे धूसर होतं ते इथे ठोस होतं. चुकीचं समजलं असेल तर समोरचा शांतपणे दुरुस्त करतो. लेखी दुरुस्ती करताना त्याला संकोच वाटत नाही.

६. शाळा आणि शेजार

शिक्षिका म्हणाल्या, ‘ही इज सो फुल ऑफ एनर्जी!’ मुलगा वर्गात बसत नाही. ‘शी इज व्हेरी सोशल’, म्हणजे मुलगी गप्पा थांबवत नाही. ‘अच्छा, थँक यू’ म्हणून हसत बाहेर पडू नका. ‘घरी आम्ही कशात मदत करू?’ विचारा. मग खरं काय ते कळेल.

शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणाले, ‘या पावसाने गवत काय वाढलंय, नाही?’ तर ते हवामानाबद्दल बोलत नाहीत, तुमच्या अंगणाबद्दल बोलतायत. ‘बरेच पाहुणे आले होते वाटतं!’ म्हणजे गाड्या त्यांच्या दारापुढे लागल्या होत्या. हे गोड बोलणं म्हणजे पहिली सूचना आहे. दुसरी बहुधा सोसायटीच्या पत्रातून येते, आणि तिच्यासोबत दंड असू शकतो. तेव्हा पहिल्या सूचनेलाच ‘सॉरी, लक्षात ठेवते’ म्हणा आणि त्या शनिवारी गवत कापा.

‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल. खोचक समजू नका. तुमची माणसं कोण, हे विचारण्याची ती रीत आहे. ‘आम्ही हिंदू आहोत, अमुक भागातल्या देवळात जातो’ असं सरळ सांगा. बहुतेकांना तेवढं पुरतं. त्यावर चर्चला येण्याचं आमंत्रण आलं आणि जायचं नसलं, तर ‘विचारलंत, छान वाटलं’ म्हणून थांबा. कारणं देत बसलात की प्रत्येक कारणावर तोडगा निघतो.

७. पोलिसाने गाडी थांबवली तर

इथे गोड शब्द आणि त्यांचा अर्थ यांतला फरक अगदी वेगळ्या दिशेने जातो. खालचं बहुतेक सगळं पूर्ण अमेरिकेला लागू आहे, पण दक्षिणेतला अधिकारी ते इतक्या अदबीने म्हणतो की नवा माणूस हमखास गोंधळतो.

‘सर, कुड यू स्टेप आउट ऑफ द कार फॉर मी?’ ही विनंती वाटते. तो हुकूम आहे. कायदेशीरपणे थांबवलेल्या गाडीच्या चालकाला खाली उतरायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या खटल्यात ठरवलं. उतरा. पण स्वतःहून, सांगितल्याशिवाय उतरू नका. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जाणं हा आदर. इथे तो धोका समजला जातो. हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि कागद काढण्याआधी ‘परवाना पाकिटात आहे, काढतो’ असं सांगा.

‘डू यू माइंड इफ आय टेक अ लुक इन युअर व्हीकल?’ हे उलट. औपचारिकता वाटते, प्रत्यक्षात ती खरी विनंती आहे आणि तुम्ही नाही म्हणू शकता. तुम्ही संमती दिलीत तर झडतीला दुसरं कारण लागत नाही. आणि नकार देता येतो हे तुम्हाला सांगणं पोलिसांवर बंधनकारक नाही, असं श्नेक्लॉथ विरुद्ध बुस्टामाँटे या १९७३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं आहे.

त्यात भाषेचा एक भयंकर सापळा आहे. ‘डू यू माइंड’ला ‘नो’ म्हटलं तर अर्थ ‘हरकत नाही, बघा’. घाबरलेला माणूस नकार द्यायला ‘नो, नो’ म्हणतो आणि संमती देऊन बसतो. म्हणून हो-नाहीत उत्तर देऊच नका. पूर्ण वाक्य बोला: ‘सर, आय डोन्ट कन्सेन्ट टु अ सर्च.’ आवाज शांत, ‘सर’सकट. त्याच्याकडे दुसरं कायदेशीर कारण असेल तर तो तरीही झडती घेईल. मग आडवे येऊ नका, वाद घालू नका, नंतर वकिलाशी बोला. संभाषण रेंगाळत असेल तर ‘ॲम आय फ्री टु गो?’ विचारता येतं. नुकताच परवाना मिळालेल्या मुलांना हा भाग वाचून दाखवा.

८. आपलं बोलणं इथे कसं ऐकू येतं

‘डू वन थिंग’, ‘सेंड मी द फाइल’, ‘नो, दॅट इज राँग’ ही आपली रोजची वाक्यं. मनात काही नसतं. पण जिथे साहेबसुद्धा ‘तुम्हाला असं करावंसं वाटेल कदाचित’ म्हणतो, तिथे ही वाक्यं खेकसल्यासारखी लागतात. कामाआधी ‘गुड मॉर्निंग, कसे आहात’ला अर्धा मिनिट द्या. चूक दाखवायची तर ‘माझ्याकडे आकडा वेगळा येतोय, एकदा मिळून बघू या का?’ असं म्हणा.

आणि समोरचा गोड बोलतोय म्हणजे तो नमेल, असं समजून रेटू नका. मिशिगन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी अरुंद बोळातून चालत असताना समोरून एक धिप्पाड माणूस सरळ अंगावर येतो. कोण कधी बाजूला होतो ते मोजायचं. दक्षिणेतले तरुण सर्वांत आधी, सुमारे नऊ फुटांवरूनच वाट देत. उत्तरेतले सहा फुटांच्या आसपास. पण थोडं आधी कुणीतरी मुद्दाम धक्का मारून शिवी दिलेली असेल, तर दक्षिणेतले तेच सभ्य तरुण तीन फुटांवर येईपर्यंत हटत नसत. उत्तरेतल्यांच्या अंतरात मात्र फारसा फरक पडला नाही. इथे गोडवा आहे तसा अपमानाला दिलेला कडक भावही आहे. वाहनतळावरच्या भांडणात ‘सर’ म्हणणारा माणूस आवाज खाली आणून ‘हॅव अ ब्लेस्ड डे’ म्हणाला आणि वळला, तर विषय तिथे संपला असं समजा. मागून हाक मारून शेवटचा शब्द आपला ठेवायचा प्रयत्न करू नका. या भागात अनेकांच्या गाडीत बंदूक असते.

९. बदली झाली तर पाटी पुसा

हे सगळं अंगवळणी पडल्यावर कंपनी तुम्हाला मिनेसोटाला पाठवेल. तिथेही लोक सभ्य आहेत, पण त्यांची सभ्यता कमी बोलण्याची. तुमच्या भाजीला ‘वेल, दॅट्स डिफरंट’ म्हटलं तर ती आवडलेली नाही. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे मात्र उत्तम, याहून मोठं कौतुक मिळायचं नाही. न्यूयॉर्कला गेलात तर कुणी ‘नाही’ म्हणाला की त्याचा अर्थ नाही असाच घ्या आणि दक्षिणी सवयीने त्यात राग शोधू नका. प्रत्येक ठिकाणी पहिले दोन-तीन महिने फोनमधली नोंद नव्याने सुरू करा, आणि तिसरा रकाना भरल्याशिवाय कुणाबद्दल मत बनवू नका.

आणि त्याआधी, इथून निघताना शेजारणीने काचेच्या भांड्यातून काही करून आणलं, तर भांडं उलटं करून बघा. बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं असेल. म्हणजे ते परत करायचं आहे, सामान गाडीत चढायच्या आत.